शहरातली नदी आणि बायकांचा पुढाकार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शहरातली नदी साफ व्हावी म्हणून बायका एकत्र येतात, तेव्हा काही प्रश्न हमखास निघतात. काही त्यांचे स्वतःचे असतात, काही त्यांना घरून किंवा कार्यालयांतून विचारले जातात. त्या प्रश्नांची ही उत्तरं. सगळी सारख्या लांबीची नाहीत, कारण सगळे प्रश्न सारख्या वजनाचे नाहीत.

सुरुवात कशापासून करायची?

चालण्यापासून. हातमोजे आणि पोती नंतर आणा. आधी चार-पाच जणींनी मिळून काठाकाठाने जाता येईल तितकं चालत जायचं आणि नदीला मिळणारा प्रत्येक नाला, प्रत्येक पाइप वहीत टिपायचा. तो कुठे आहे, केवढा आहे, पाण्याचा रंग कोणता, वास कसला, धार किती. सोबत फोनवर फोटो, म्हणजे तारीख आणि वेळही नोंदली जाते.

ही फेरी पाऊस थांबून चार-पाच दिवस झाल्यावर करा. पावसाचं पाणी वाहून नेण्यासाठी बांधलेल्या गटारातून कोरड्या दिवसांतही धार लागलेली असेल, तर ते पाणी बहुधा कुणाच्या मोरीचं, संडासाचं किंवा कारखान्याचं असतं. कधी फुटलेल्या जलवाहिनीचं किंवा जमिनीतल्या झऱ्याचं निघतं, म्हणून तपासल्याशिवाय कुणावर बोट ठेवू नये. पण ‘इथे पाणी असायला नको आणि आहे’ एवढं कळलं, तरी पुढच्या कामाची दिशा ठरते. नदीची घाण अशा ठरावीक तोंडांतून येते आणि ती तोंडं मोजता येतात. हे एकदा कळलं की हताशपणा बराच कमी होतो.

म्हणजे काठावरचा कचरा उचलण्यात अर्थ नाही?

अर्थ आहे, पण मर्यादित. प्लास्टिक उचललं की गाळात अडकणारा, पुराच्या वेळी पुलांच्या कमानी तुंबवणारा आणि शेवटी समुद्रात जाणारा कचरा तेवढा कमी होतो. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासात असं दिसलं, की नद्यांमधून समुद्रात जाणाऱ्या प्लास्टिकपैकी सुमारे ८० टक्के प्लास्टिक हजाराहून अधिक नद्या मिळून वाहून नेतात आणि त्यांत शहरांतून वाहणाऱ्या लहान नद्यांचा वाटा मोठा आहे. त्याआधी मूठभर महानद्यांकडेच बोट दाखवलं जाई. त्यामुळे आपल्या शहरातली चिंचोळी नदी ‘एवढीशी’ म्हणून सोडून देण्यासारखी नाही.

पण पिशव्या उचलल्याने पाणी शुद्ध होत नाही. नदी आतून मरते ती बहुतेक ठिकाणी मैलापाण्याने, आणि मैलापाणी पोत्यात भरता येत नाही. कचरा उचलण्याचा दिवस हा माणसं जोडण्याचा दिवस समजा. त्या दिवशी आलेल्यांपैकी चार जणी पुढच्या आठवड्यात नाल्याची नोंद घ्यायला आल्या, तर तो दिवस सार्थकी लागला.

पाणी घाण आहे हे उघड दिसतं. मग तपासणी कशाला?

कारण दिसण्यावरून ना निदान होतं, ना मागणी करता येते. काळं दिसणारं पाणी गाळामुळे काळं असू शकतं आणि नितळ दिसणाऱ्या पाण्यात रोगजंतू भरलेले असू शकतात.

दोन आकडे समजून घेतले तरी पुष्कळ काम होतं. पहिला विरघळलेल्या प्राणवायूचा. २५ अंश तापमानाच्या गोड्या पाण्यात जास्तीत जास्त सुमारे ८ मिलिग्रॅम प्रति लिटर प्राणवायू मावतो. तो ५ च्या खाली गेला की बऱ्याच माशांवर ताण येतो, २ च्या खाली फार थोडं काही जगतं आणि शून्याजवळ पोहोचला की तळातला गाळ सडून सडक्या अंड्यांसारखा वास सुटतो. दुसरा आकडा जैविक प्राणवायू मागणीचा, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती प्राणवायू खाणार आहेत याचा. ही चाचणी २० अंशांवर ५ दिवस चालते. स्वच्छ नदीत हा आकडा २-३ च्या आत असतो, घरगुती मैलापाण्यात साधारण २०० ते ३००. नाल्याच्या तोंडाशी आकडा दीडशेच्या घरात आला, तर आत काय वाहतंय याबद्दल वाद उरत नाही.

या कामात बायकांचा वारसाही मोठा आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात १८८७ पासून झालेल्या पाण्याच्या मोठ्या पाहणीत रसायनशास्त्रज्ञ एलन स्वॉलो रिचर्ड्स यांनी राज्यभरातले हजारो नमुने तपासले. कुठल्या भागात पाण्यातलं क्लोराइड, म्हणजे मिठाचा अंश, नैसर्गिक आहे आणि कुठे ते माणसाच्या सांडपाण्याने वाढलंय, हे त्यांनी नकाशावर मांडलं. पुढे शास्त्रज्ञ रूथ पॅट्रिक यांनी १९४८ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या कोनेस्टोगा या प्रवाहाचा अभ्यास करून दाखवलं, की नदीची तब्येत तिच्यात किती प्रकारचे जीव राहतात यावरून ओळखता येते. आज जगभर नदीची तपासणी करताना जीवजंतू मोजले जातात, त्यात त्यांच्या कामाचा मोठा वाटा आहे.

आमच्याकडे प्रयोगशाळा नाही. आम्ही काय मोजू शकतो?

पुष्कळ काही. प्राणवायू, आम्लता, नायट्रेट मोजण्याचे साधे संच मिळतात. तापमापक लागतोच, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. प्राणवायूचं मोजमाप नेहमी एकाच वेळी घ्या आणि जमल्यास उजाडायच्या सुमारास घ्या. दिवसा शेवाळ उन्हात प्राणवायू सोडत असतं, त्यामुळे दुपारचा आकडा फसवा येतो. दुपारी ७ दाखवणारी नदी पहाटे २ वर आलेली असू शकते, आणि मासे मरतात ते पहाटे.

प्रयोगशाळेत द्यायचा नमुना काठाजवळच्या साचलेल्या पाण्यातून घेऊ नका. धारेतून घ्या, बाटलीचं तोंड प्रवाहाच्या वरच्या दिशेला धरून, पृष्ठभागाच्या थोडं खाली. प्राणवायू मोजायच्या नमुन्याच्या बाटलीत हवेचा बुडबुडा राहता कामा नये. नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवा. जिवाणूंच्या चाचणीसाठी निर्जंतुक बाटली लागते आणि ती काही तासांतच द्यावी लागते.

यंत्र नसेल तर दगड उलटून पाहा. पाण्यातल्या दगडाखाली मेफ्लायच्या अळ्या, म्हणजे शेपटाला दोन-तीन बारीक तंतू असलेल्या चपट्या अळ्या सापडल्या तर पाणी बऱ्यापैकी जिवंत आहे. गाळात नुसत्या लालभडक बारीक अळ्या आणि दोऱ्यासारखे किडे वळवळत असतील, तर प्राणवायू फार कमी आहे. शाळेतल्या मुलींना हे एका सकाळीत शिकवता येतं. काठ सुरक्षित असेल आणि पाणी मैल्याचं नसेल तरच.

बायकांनीच पुढे का व्हायचं? नदी सगळ्यांचीच ना?

सगळ्यांचीच. पण नदी बिघडल्याचा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या २०२३ च्या अहवालानुसार, ज्या घरांत पाण्याची सोय नाही अशा दर १० घरांपैकी ७ घरांत पाणी भरण्याची जबाबदारी बायका-मुलींवर असते. घरात जुलाब-उलट्या सुरू झाल्या की रजा कुणी घ्यायची हेही बहुतेक ठिकाणी ठरलेलंच असतं. पाण्याच्या प्रश्नावर १९९२ मध्ये भरलेल्या आंतरराष्ट्रीय डब्लिन परिषदेत जी चार तत्त्वं ठरली, त्यांतलं एक तत्त्व हेच होतं, की पाणी पुरवणं, सांभाळणं आणि जपणं यांत बायकांचं स्थान मध्यवर्ती आहे. कागदावर हे येऊन ३० वर्षांहून जास्त काळ झाला. निर्णयाच्या खुर्च्यांवर मात्र ते अजून पुरतं उतरलेलं नाही.

दुसरं कारण माहितीचं. कुठल्या वारी पाण्याला कसला वास येतो, कोणत्या गल्लीतलं गटार कधी उलटं येतं, रात्री टँकर कुठे रिकामा होतो, हे काठावर राहणाऱ्या बायकांना पाठ असतं. ही माहिती कुठल्याच नकाशात नसते, आणि बैठकीला त्या नसतील तर ती तिथे पोहोचतही नाही.

आमच्या हातात झाडू देऊन फोटो काढतात आणि निघून जातात. याला नेतृत्व म्हणायचं का?

नाही. यावर स्पष्टच बोलायला हवं. घराची साफसफाई बायकांची, तशीच नदीची साफसफाईही बायकांची, असा समज करून घेणं सोयीचं असतं. ते नेतृत्व नव्हे, फुकटची मजुरी आहे. नेतृत्व ओळखायचे प्रश्न साधे आहेत. पैशांच्या व्यवहारावर सही कुणाची? कुठल्या नाल्याचं काम आधी, हे कोण ठरवतं? तपासणीचे आकडे कुणाच्या ताब्यात आहेत? अधिकाऱ्यांसमोर बोलतं कोण? या चारांची उत्तरं बायकांची नावं नसतील, तर उपक्रमाच्या फलकावर काहीही लिहिलेलं असो, नेतृत्व त्यांचं नाही.

म्हणून पहिल्याच बैठकीत काही गोष्टी ठरवून घ्या. बैठकीची वेळ कामावर जाणाऱ्या आणि घर सांभाळणाऱ्या, दोघींना जमेल अशी हवी. लहान मुलांकडे पाहण्याची सोय हवी. रोजंदारी बुडवून येणाऱ्या बाईला निधीतून मोबदला द्या. तिने सेवाभावाने यावं असं म्हणणाऱ्यांचा स्वतःचा पगार सहसा चालू असतो. आणि कचरा वेचण्यावर ज्यांचं पोट आहे त्या बायकांना स्वयंसेवकांच्या रांगेत शेवटी उभं करू नका. कुठला कचरा कुठून येतो आणि त्यातला कुठला विकला जातो, हे त्यांच्याइतकं कुणालाच कळत नाही.

कुणा बाईच्या पुढाकाराने नदी खरंच सुधारली, असं उदाहरण आहे का?

आहे, आणि ते नीट समजून घेण्यासारखं आहे. मेरियन स्टॉडर्ट १९६२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रोटन गावी राहायला आल्या. जवळून नॅशुआ नदी वाहत होती. वरच्या बाजूच्या शहरांत कागदाच्या गिरण्या होत्या आणि त्या दिवशी ज्या रंगाचा कागद तयार होई, त्या रंगाचं पाणी नदीतून येई. कधी लाल, कधी हिरवं, कधी निळं. त्यात शहरांचं मैलापाणी मिसळलेलं. देशातल्या सर्वांत घाणेरड्या नद्यांत तिची गणना होत होती.

स्टॉडर्ट इंजिनीअर नव्हत्या, हाती कुठलं पदही नव्हतं. त्यांनी झाडू उचलला नाही. त्यांनी माणसं बांधली. १९६५ मध्ये नदी स्वच्छता समिती उभी केली. काठावरच्या गावांतून हजारो सह्या गोळा केल्या, आणि राज्याचे गव्हर्नर जॉन व्होल्पी यांच्यासमोर नदीच्या घाण पाण्याची बाटली ठेवली. नदी स्वच्छ होईपर्यंत ती टेबलावरून हलवू नका, अशी विनंती केली. १९६६ मध्ये राज्याने स्वच्छ पाण्याचा कायदा केला. अमेरिकेचा राष्ट्रीय कायदा त्यानंतर, १९७२ मध्ये आला. १९६९ मध्ये समितीचं रूपांतर नॅशुआ नदी पाणलोट संघटनेत झालं. ही संघटना आजही काम करते. पुढे मैलापाणी प्रक्रिया केंद्रं उभी राहिली, मासे परतले, लोक पुन्हा होड्या घेऊन उतरले, काठाची जमीन हिरव्या पट्ट्यासाठी राखली गेली. १९८७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने स्टॉडर्ट यांचा पर्यावरणासाठी झटणाऱ्यांच्या ग्लोबल ५०० या सन्मान यादीत समावेश केला. २०१९ मध्ये नॅशुआच्या काही भागाला ‘वन्य आणि निसर्गरम्य’ नदीचा राष्ट्रीय दर्जा मिळाला. रंगीत पाणी वाहणाऱ्या नदीला!

यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे मागणीची उंची. घाण जरा कमी करा, असं त्यांनी म्हटलं नाही. पोहता येईल, मासे धरता येतील अशी नदी मागितली. दुसरी गोष्ट, गिरणीमालकांशीही त्या बोलत राहिल्या. भांडून नव्हे, सोबत घेऊन.

साफ केलेली नदी पुन्हा घाण होते. मग सगळं पालथ्या घड्यावर पाणी नाही का?

फिलिपिन्सची राजधानी मनिला इथल्या पासिग नदीची गोष्ट इथे सांगायला हवी. १९९० च्या सुमारास ती जैविकदृष्ट्या मृत ठरवली गेली. २००९ मध्ये पर्यावरण कार्यकर्त्या जीना लोपेझ यांनी तिच्यासाठी मोठी मोहीम सुरू केली. त्यांचा भर पासिगच्या मुख्य पात्रापेक्षा तिला मिळणाऱ्या शहरातल्या छोट्या खाड्यांवर होता. तिथल्या रहिवाशांमधून राखण करणारे गट तयार केले. खाड्यांचे काही भाग ओळखू येणार नाहीत इतके बदलले आणि २०१८ मध्ये पासिगच्या पुनरुज्जीवनाला आशियाचा नदी पुरस्कार मिळाला. तरीही वर ज्या २०२१ च्या अभ्यासाचा उल्लेख आला, त्यात समुद्रात सर्वाधिक प्लास्टिक नेणाऱ्या नद्यांत पासिग पहिली होती.

काम फुकट गेलं, असा याचा अर्थ मी लावत नाही. ज्या खाड्यांवर राखण टिकली तिथे माणसांचं रोजचं जगणं सुधारलं, ते खोटं ठरत नाही. पण सगळं शहर नदीत कचरा सोडत असताना काही गट कितीही राबले तरी पुरे पडत नाहीत. त्यांच्या मेहनतीला कचरा गोळा करणाऱ्या, मैलापाणी वाहून नेणाऱ्या शहरव्यापी यंत्रणेची जोड लागते. ती जोड मागणं हेच तुमचं काम आहे. यंत्रणेच्या जागी स्वतः राबणं नव्हे.

जलपर्णी काढली तरी महिन्याभरात परत येते. काय करावं?

मूळची दक्षिण अमेरिकेची ही वनस्पती अनुकूल पाण्यात साधारण दोन आठवड्यांत दुप्पट पसरते. तिला लागतं ते नायट्रोजन आणि फॉस्फरस मैलापाण्यातून आणि साबणाच्या पाण्यातून येतं. ते पाणी थांबत नाही तोवर वरून येणारं खत चालूच असतं आणि आपण पीक कापत राहतो. काढायची तर पावसाआधी, पूर्ण पट्टा, आणि ढीग काठापासून लांब न्यायचा. काठावर सडू दिला तर तेच खत पुन्हा पाण्यात उतरतं.

पाण्यात उतरावं का?

मैलापाणी असलेल्या नदीत उतरू नका. कुणी कितीही उत्साहाने म्हणो.

बंद नाल्यात, मोरीखाली, गटाराच्या झाकणाखाली तर कधीच नाही. सडक्या अंड्यांचा वास देणारा वायू वाढला की नाकाला तो वास येईनासा होतो. वास गेला म्हणजे धोका गेला असं वाटतं, आणि माणूस तिथेच कोसळतो. त्याला काढायला उतरलेलाही कोसळतो. हे काम प्रशिक्षित माणसांनी यंत्राने करायचं आहे.

काठावर जाड हातमोजे, घोट्यावर येणारे बूट आणि कचरा उचलायला चिमटा हवा. सुया, काचा हाताने उचलायच्या नाहीत. धनुर्वाताची लस घेतलेली असावी. हातापायाला जखम असलेल्या बाईने त्या दिवशी नोंदवहीचं काम घ्यावं, कारण उंदरांच्या लघवीतून पाण्यात आलेले लेप्टोस्पायरोसिसचे जंतू जखमेवाटे शिरतात. ताप महिन्याभरात कधीही येऊ शकतो. आला तर डॉक्टरांना ‘मी नदीवर काम केलं होतं’ हे आधी सांगा, नाहीतर साधा ताप समजून वेळ जातो. लहान मुलांना कचरा उचलायला नेऊ नका.

सॅनिटरी पॅड आणि डायपर पुलावरून फेकले जातात. याबद्दल चारचौघांत कसं बोलायचं?

सरळ बोलायचं. पॅडचा बराचसा भाग प्लास्टिक असतो आणि तो संडासात टाकला की नळ तुंबतो. बाई तो कागदात गुंडाळून अंधारात पुलावरून फेकते, कारण घरात सगळ्यांसमोर कचऱ्यात टाकायची तिला चोरी असते, किंवा कचरा न्यायला कुणी येतच नाही. पुलावर जाळी बसवून यातलं काही सुटत नाही. वेगळ्या पिशवीतून तो रोज गोळा व्हायला हवा, सार्वजनिक शौचालयात झाकणाची टोपली हवी, जिला धुऊन वापरायचं कापड किंवा पाळीचा कप चालतो तिला त्याची माहिती हवी. पुरुषांनी भरलेल्या बैठकांत हा विषय वर्षानुवर्षं निघत नाही. बायका चालवत असलेल्या बैठकीत पहिल्या तासात निघतो.

घाण करणाऱ्या कारखान्यातच आमच्या घरचे कामाला आहेत. आवाज कसा उठवणार?

जपानमधल्या किताक्यूशू शहरातल्या तोबाता भागातल्या बायकांपुढे हाच पेच होता. अनेकींचे नवरे तिथल्या कारखान्यांतच होते. तरी १९५० आणि ६० च्या दशकांत तिथल्या महिला मंडळांनी वाळत घातलेल्या कपड्यांवर बसणारी काजळी मोजली, विद्यापीठातल्या जाणकारांची मदत घेतली आणि ते आकडे घेऊन कारखान्यांकडे गेल्या. तो लढा हवेसाठी होता. पण प्राणवायू संपलेली त्याच शहरातली दोकाई खाडीही पुढे सांडपाणी रोखून आणि तळाचा गाळ काढून सुधारली गेली, आणि तिच्यात मासे परतले.

कारखाना बंद करा अशी मागणी करू नका. पाणी प्रक्रिया करून सोडा, अशी करा. आणि एकटीदुकटीने जाऊ नका, कुणाचं नाव पुढे येईल अशी तक्रार करू नका. पत्र मंडळाच्या नावाने जाऊ द्या.

झोपड्यांमुळे नदी घाण होते, असं सगळे म्हणतात. खरं आहे का?

काठावरच्या झोपडीची घाण डोळ्यांना दिसते. उंच इमारतीची घाण पाइपातून, जमिनीखालून येते, म्हणून दिसत नाही. पाणी जास्त वापरणाऱ्या घरातून सांडपाणीही जास्त निघतं. वर सांगितलेला नाल्यांचा नकाशा हाती असला की हा वाद आकड्यांवर येतो. ज्या वस्तीत संडास आणि मलवाहिनी नाही, तिथे त्या देणं हा नदी सुधारण्याचा सर्वांत थेट उपाय आहे. तिथल्या बायकांना वगळून केलेली मोहीम काठ रिकामा करण्यावर येऊन थांबते.

काठ बांधून काढले, दिवे लावले, बाकं टाकली. हे सुधारणेत धरायचं का?

पाण्याचे आकडे बदलले असतील तर. नुसत्या काँक्रीटच्या भिंतींनी पाणी वेगाने पळतं, जमिनीतल्या पाण्याशी नदीचा संबंध तुटतो, काठावरची झाडं आणि उथळ कोपरे जातात, आणि माशांची पिल्लं वाढतात ती नेमकी तिथे.

अधिकारी दाद देत नाहीत. काय करावं?

एका अर्जात एकच नाला, एकच मागणी ठेवा. ‘नदी प्रदूषित आहे’ या तक्रारीला ‘आपली तक्रार नोंदवली आहे’ एवढंच उत्तर मिळतं. ‘अमुक पुलाच्या उजव्या बाजूच्या गटारातून अमुक तीन तारखांना पहाटे फेसाळ पाणी आलं, फोटो आणि तपासणी सोबत जोडली आहे, हे कुठून येतं ते शोधून लेखी कळवा’ हे टाळायला अवघड असतं. पोच घ्या. महिन्याने तीच प्रत घेऊन पुन्हा जा, शक्यतो वेगळी बाई, म्हणजे एकीवर ताण आणि रोष येत नाही. चांगलं काम करणारा अधिकारी भेटला तर त्याचं जाहीर कौतुक करा, बदली झाली तर नव्याला फाइल नेऊन द्या.

किती वर्षं लागतील?

नाला वळवला तर त्याच्याजवळचा वास काही आठवड्यांत कमी झालेला जाणवतो. मासे यायला वर्षं लागतात. लंडनची थेम्स १९५७ मध्ये जैविकदृष्ट्या मृत म्हटली गेली होती. मलप्रक्रिया सुधारल्यावर १९७४ मध्ये तिच्यात पुन्हा सामन मासा सापडला. तुम्ही आज नोंदी नीट ठेवल्यात तर दहा वर्षांनी येणारी मुलगी तिथून पुढे सुरू करेल. म्हणून वह्या एकीच्या कपाटात ठेवू नका. त्यांच्या प्रती काढा, वाटा.

मुलांना पाण्यात कधी उतरू द्यायचं?

पाणी नितळ दिसतं म्हणून नाही. विष्ठेतून येणाऱ्या ई-कोलाय जिवाणूंची संख्या पाहून. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने पोहण्याच्या पाण्यासाठी १०० मिलिलिटरमागे सरासरी १२६ ही पातळी सुचवली आहे. एका नमुन्यावर विसंबू नका, काही आठवडे सलग नमुने घ्या. आकडे बसले तरी मोठा पाऊस झाल्यावर दोन-तीन दिवस थांबा, कारण पाऊस सगळ्या रस्त्यांची आणि तुंबलेल्या गटारांची घाण एकदम नदीत आणतो. तपासणीचा निकाल काठावरच्या फळ्यावर तारखेसह लिहा, आणि आकडा जास्त आला त्या दिवशीही लिहा.